जळगावात गच्चीवर हॉट टब : घ्यावा की नाही?

मेहरूणकर
मंडळी, मत हवंय. जळगावात स्वतःचं दोन मजली घर आहे, गच्ची मोकळी आहे. आईचे गुडघे आखडतात, डिसेंबर-जानेवारीत जास्तच. पाच माणसांचा टब पाहून ठेवलाय : १२०० लिटर पाणी, ३ किलोवॅटचा हीटर, पाठीला आणि पायाला जेट, म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा मारणारी तोंडं. किंमत लाखांत जाते. घरात दोन तट पडलेत. मी घ्यावा या बाजूचा. लग्नात एका दिवसात याहून जास्त पैसा जातो तेव्हा कुणी बोलत नाही, आणि आईच्या दुखण्यासाठी घेतलेली वस्तू मात्र चैन ठरते, हे मला पटत नाही. पाणी, वीज, देखभाल याचं ज्यांना कळतं त्यांनी स्पष्ट बोला.

केळीवाला, रावेर
दादा, राग मानू नका, मी साफ विरोधात आहे. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात बोअरची पातळी खाली चाललीय. भर उन्हाळ्यात ठिबकवर केळीच्या एका झाडाला दिवसाला वीसेक लिटर पाणी लागतं. तुमच्या एका टबात साठ झाडांचा दिवस निघतो. धुळ्याकडे तर नळाला रोज पाणीही येत नाही. सांगा, पाणी कोठे शे? गरम पाण्यात बसायचंच असेल तर आईंना अडावदजवळ उनपदेवला घेऊन जा. सातपुड्याच्या पायथ्याशी गोमुखातून गरम पाणी पडतं, त्याला ना वीज ना औषध.

मेहरूणकर
भाऊ, पाण्याचा मुद्दा मोठा आहे, पण हिशेब पूर्ण करू. टबाचं पाणी रोज बदलत नाहीत, तीन-चार महिन्यांनी बदलतात. वर्षाला पाचेक हजार लिटर धरा. आपल्याकडे घरोघरी जो डेझर्ट कूलर चालतो तो दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज पितो. एप्रिल ते जून एका कूलरमध्येच तेवढं पाणी उडून जातं, आणि कित्येक घरांत दोन-दोन कूलर आहेत. त्यांना कुणी पाण्याची नासाडी म्हणत नाही. उनपदेवचं म्हणाल तर गुडघे दुखणाऱ्या बाईला थंडीत रोज पहाटे गाडीत घालून तिकडे न्यायचं, हे होणारं आहे का?

स्लॅबवाला, धुळे
पाणी-वीज नंतर. आधी गच्ची.

१२०० लिटर म्हणजे १२०० किलो. रिकामा टब अडीच-तीनशे किलो. वर पाच माणसं. बेरीज १८०० किलोच्या पुढे, आणि हे सगळं साधारण चार चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे किलो. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक ८७५ आहे, त्याच्या दुसऱ्या भागात, लोक वापरतात त्या गच्चीसाठी जो चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरायचा सांगितलाय तो चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे दीडशे किलो. घराच्या खोल्यांना २ किलोन्यूटन. तुम्ही तिप्पट भार मागताय. तोही तासाभराचा नाही, महिनोन्महिने तिथेच बसलेला.

“बाजूच्याच्या गच्चीवर तीन हजार लिटरची टाकी आहे, काही झालं नाही” हे उत्तर मला नेहमी मिळतं. ती टाकी बहुतेक वेळा कॉलम-बीमवर उभी असते, टब स्लॅबच्या मधोमध ठेवला जातो. गळती झाली तर सळई गंजते आणि ते खालच्या छतावर ओल दिसेपर्यंत कळत नाही. घराचे ड्रॉइंग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टब वर चढवू नका. विक्रेत्याच्या “चालतं साहेब” वर तर मुळीच नको. अंगणात, जमिनीवर काँक्रीटचा पाया घालून ठेवणार असाल तर माझा विरोध संपला.

चोपड्याचा पोऱ्या
मी बाजूने आहे. आमच्या मळ्यातल्या घरी टब आहे, जमिनीवर, शेडखाली. दादांना संधिवात आहे. सकाळी बोटं उघडत नाहीत, पाण्यात बसले की थोड्या वेळात उघडतात. आजार बरा होत नाही, तसं कुणी सांगत असेल तर खोटं. पण तो सकाळचा तास सुसह्य होतो आणि आमच्या घरात याला फार किंमत आहे.

याला श्रीमंतांचं खेळणं म्हणणाऱ्यांसाठी : ज्यांच्या नावाने असे टब ओळखले जातात ते जकुझी हे अमेरिकेत गेलेलं इटालियन कुटुंब, शेतीच्या विहिरींचे पंप बनवायचं. घरातल्या एका लहान मुलाला संधिवात झाला, म्हणून त्यांनी टबात ठेवायचा पंप बनवला. १९५६ मध्ये तो बाजारात आला. ही वस्तू जन्मली दुखऱ्या सांध्यांसाठी, भो.

आता देखभाल, कारण ती खरी मेहनत आहे. जंतू मारायला क्लोरीन किंवा ब्रोमीन, पीएच (पाण्याची आम्लता) ७.२ ते ७.८, पट्टीने तपासणी, फिल्टर दर आठवड्याला धुणं. बोअरचं पाणी भरू नका. आपल्याकडचं जड पाणी गिझरच्या कॉईलचं काय करतं ते सगळ्यांना माहीत आहे, इथे हीटर जातो आणि जेटची तोंडं बुजतात.

निवृत्त परिचारिका, भुसावळ
चोपड्याच्या भाऊंशी सहमत, पण देखभालीत एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोमट पाण्यात क्लोरीन लवकर उडतं. ते कमी झालं की स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढतो, अंगावर पुरळ येतं. त्याहून वाईट लिजिओनेला हा जंतू : पंचवीस ते पंचेचाळीस अंश हे त्याचं आवडतं तापमान, आणि जेटच्या फवाऱ्यातून तो थेट फुफ्फुसात जातो. साठीच्या पुढच्यांना त्याचा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. म्हणून क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात ३ भाग) हवंच. “या आठवड्यात राहून गेलं” हे इथे चालत नाही.

मेहरूणकर, आईंना बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या आहेत का? गरम पाण्यात बीपी उतरतं, उठताना चक्कर येते आणि ओल्या फरशीवर पडून खुबा मोडतो. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल तर चटका कळत नाही. तापमान ४० च्या वर कधीच नको, आईंना ३७-३८ पुरे, पंधरा मिनिटं, आणि शेजारी माणूस. गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचं मूल आत नको. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिला दिवससुद्धा नको.

वायरमन, पाचोरा
१२०० लिटर पाणी पंचवीसवरून अडतीस अंशांवर न्यायला साधारण १८ युनिट आणि ३ किलोवॅटवर सहा तास. हे एकदाच. पुढे तापमान टिकवायला, झाकण जाड असेल तर, थंडीत रोज चार-पाच युनिट धरा. महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट वाढले की तुम्ही ३०० युनिटच्या वरच्या टप्प्यात जाता, आणि तिथला दर टोचतो. गच्चीवर सोलर असेल तर एका किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट निघतात, मग त्रास नाही. डीबीपासून (घराच्या मुख्य वीज-पेटीपासून) स्वतंत्र लाइन, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग, यात तडजोड नको. पाण्यात बसलेला माणूस आहे.

पण माझा खरा विरोध उन्हाळ्यामुळे. मे महिन्यात ४४-४५ अंशांत तो टब कोण वापरणार? झाकून ठेवला तर पंपाच्या उष्णतेनेच पाणी तापत राहतं. रिकामा, उघडा उन्हात ठेवला तर टबाचं ॲक्रिलिक (प्लॅस्टिक) खराब होतं. क्लोरीनशिवाय उघडा भरून ठेवला तर डेंग्यूचे डास. वर्षातले चार महिने सुख आणि आठ महिने राखण.

त्यापेक्षा साधा बाथटब तळमजल्याच्या न्हाणीत बसवा. गच्चीवर २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर. त्यातलं साठ अंशांचं नव्वद लिटर आणि नळाचं एकशे दहा लिटर, झाला टब ३९ अंशांचा. रोज ताजं पाणी, औषध नाही, बिल नाही.

मेहरूणकर
रोज २०० लिटर म्हणजे सहा दिवसांत तुमचं १२०० लिटर झालं, वायरमनभाऊ. पाण्याच्या हिशेबात हा पर्याय माझ्या टबापेक्षा महाग आहे. शिवाय बाथटबाच्या उंच कडेवरून आईला आत उतरता येणार नाही. तरी गच्चीचा विचार सोडला, स्लॅबवाल्यांचे आकडे घरात सगळ्यांना वाचून दाखवले. अंगणात पाया घालायचा, वर शेड, आणि कडेला पकडायला दांडा. आईला बीपीची गोळी आहे, त्यामुळे आधी डॉक्टर.

केळीवाला, रावेर
बाथटबाचं ते २०० लिटर साबणाविना झाडांना जातं, दादा. टबाचं तसं थेट जात नाही, हा फरक मी सोडणार नाही. तुम्ही घेणारच असाल तर निदान ब्रोमीन वापरू नका. क्लोरीनचं पाणी रिकामं करायच्या आधी दोन-तीन दिवस झाकण काढून उन्हात राहू द्या, पट्टीवर शून्य दिसलं की अंगणातल्या लिंबाला सोडा. गटारीत एक थेंबही नको.