मदत हवी आहे: बदकाची अंडी, १४वा दिवस, हवेची पोकळी फारच मोठी

नागपूर, मे महिना. पंख्याचा इन्क्युबेटर (अंडी उबवायचं यंत्र), ३७.५ अंश. देशी बदकाची २४ अंडी. टॉर्चवर पाहिली: ६ कोरी (गर्भच नाही), २ मध्ये रक्ताचं कडं (गर्भ मेलेला). बाकी १६ मध्ये शिरा छान, हालचालही आहे. पण हवेची पोकळी अंड्याच्या पाव भागाहून मोठी दिसतेय. मीटरवर आर्द्रता ५५. सरासरी वजन ७० ग्रॅमवरून ६३ झालंय. मागच्या खेपेची पिल्लं टोच मारून आतच मेली. चुकतंय कुठे?

पाणपक्षी: ती ८ आजच काढा, सडलेलं अंडं फुटलं तर सगळा ट्रे जातो. आता वजनाचं बघू. अंड्यातलं पाणी कवचातून उडतं, हवा कोरडी तितकं जास्त, आणि तेवढी पोकळी वाढते. २५व्या दिवसापर्यंत १३-१४ टक्के घट हवी, म्हणजे ९-१० ग्रॅम. तुमची १४ दिवसांतच ७ झाली. ५५ वर एवढी होत नाही. ४० च्या आसपास होते. मीटर खोटं बोलतोय. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंबांनी दमट करा (विरघळू देऊ नका), मीटरसोबत हवाबंद डब्यात ८ तास ठेवा. ७५ यायला हवं.

धागाकर्ता: पण पाण्याची ताटली काठोकाठ असते हो.

पाणपक्षी: पाणी खोल असून काही होत नाही, पसरट लागतं. दुसरी ताटली ठेवा, तिच्यात स्पंज उभा करा.

वऱ्हाडी_बदक: यंत्र कूलरच्या खोलीत हलवा, झोत थेट नको. खोली ३८ च्या वर गेली की थर्मोस्टॅट हीटर बंद करण्यापलीकडे काय करणार? त्यात शेवटच्या आठवड्यात पिल्लांची स्वतःची ऊब वाढते. २५व्या दिवशी अंडी फिरवणं बंद, आर्द्रता ७५. कवचाचा पहिला टवका उडाल्यावर बदकाला बाहेर यायला २४ ते ४८ तास लागतात. तेवढ्यात झाकण उघडून बघत बसलं की आतला पडदा वाळतो आणि पिल्लाला आवळून बसतो. मागच्या वेळी बहुतेक तेच झालं.

धागाकर्ता: मिठाच्या डब्यात मीटर ९१ दाखवतोय!

पाणपक्षी: म्हणजे १६ जास्त, तुमचे ५५ खरे ३९. आता खरी आर्द्रता ७० ठेवा, २५व्या दिवसापर्यंतच्या उरलेल्या ११ दिवसांत पावणेतीन ग्रॅमच जाईल. या मीटरवर ८६ दिसायला हवं. पाच अंड्यांवर पेन्सिलने नंबर टाका, १८ आणि २१व्या दिवशी वजन करून इथे टाका.