मदत हवी आहे : १० मीटर एअर पिस्तुलासाठी छर्ऱ्यांची निवड
नमस्कार. आम्ही ठाण्यात राहतो. माझी मुलगी १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव करते आणि तिच्यासाठी ४.५ मिमीचे, सपाट तोंडाचे शिशाचे छर्रे निवडताना मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. सपाट तोंडामुळे कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल भोक पडते व गुण नेमके मोजता येतात, हे ठाऊक आहे. परंतु एकाच प्रकारच्या छर्ऱ्यांत डोक्याचा व्यास ४.४९ किंवा ४.५० मिमी असा वेगवेगळा मिळतो. पिस्तूल व्हाइसमध्ये (वस्तू पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात) घट्ट धरून प्रत्येक मापाची चाचणी घ्यावी, की १० गुणांचे वर्तुळ ११.५ मिमीचे असताना नवशिक्या हातासाठी हा खटाटोप अनावश्यक आहे? मला तरी आधी हात स्थिरावणे महत्त्वाचे वाटते. तसेच शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुण्याखेरीज मुलांनी आणखी कोणती काळजी घ्यावी, हेही कृपया सांगावे.