मदत हवी आहे: कॅफेच्या बिलातला सर्व्हिस चार्ज
कोथरूडात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवीन कॅफे उघडलाय, परवा मैत्रिणीबरोबर दुपारी जेवायला गेले. पास्ता ठीकठाक पण थालीपीठ-लोणी एकदम भारी (कॅफेत जाऊन थालीपीठ खाणारे आम्हीच म्हणा). बिल आलं तर १०% सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला आणि वर ५% जीएसटी त्या चार्जसकट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या गाइडलाइन्सप्रमाणे तो असा परस्पर लावता येत नाही ना, २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच धरलं. मैत्रीण म्हणे जाऊदे गं, नवीन पोरं आहेत, आणि पैसे भरून मोकळी. मला तिथे परत जायचंय, रोज समोरूनच जाणंयेणं, त्यामुळे लगेच १९१५ ला (ग्राहक हेल्पलाइन) फोन नको वाटतो. मग ऑर्डर देतानाच सांगायचं का बिल आल्यावर? कोणी न भांडता काढायला लावलाय का, नेमकं काय बोललात?