मदत हवी आहे: ब्रिटिश पलटणींची गणवेशावरून पडलेली टोपणनावे

नमस्कार मंडळी. प्रत्येक टोपणनावापुढे कपड्याचा नेमका भाग आणि काळ, असा तक्ता तयार होतो आहे. 'बफ्स' आणि 'ग्रीन हॉवर्ड्स' सोपे: दोन्ही पलटणींच्या कर्नलांचे आडनाव हॉवर्ड, म्हणून एकीची ओळख कॉलर-कफच्या फिकट बदामी रंगावरून, दुसरीची हिरव्यावरून. 50व्या पलटणीचे कफ काळे. कच्चा रंग घाम पुसताना तोंडाला लागायचा, म्हणून 'डर्टी हाफ हंड्रेड'.

घोळ होतो तो पुढच्या दोन नावांत. 'लॉबस्टर' (कवचाचा शेवंडा) 1643 मध्ये, इंग्लंडच्या यादवी युद्धात, पार्लमेंटच्या बाजूचा सरदार हेसलरिग याच्या घोडदळाला म्हणत, ते अंगभर चिलखतामुळे. लाल डगल्याशी त्याची सांगड नंतरची. 11व्या हुसार्सचे (हलक्या घोडदळाच्या पलटणीचे) 'चेरीपिकर्स' किरमिजी तुमानींवरून पडले असे सर्रास छापतात. पण ते नाव स्पेनमधल्या चेरीच्या बागेतल्या चकमकीचे, आणि तुमानी आल्या त्यानंतर, 1840 मध्ये. अशी नावे तक्त्यात वेगळ्या रकान्यातच हवीत.

आता मदत दोन बाबतींत हवी आहे.

आपल्याकडे 'टोपीकर' हा शब्द आज्ञापत्रात आहे, पण तो सगळ्याच युरोपियनांना उद्देशून. फक्त इंग्रजी फौजेला, तेही डगल्याच्या रंगावरून दिलेले नाव पेशवेकालीन पत्रांत किंवा बखरीत कुणी वाचले आहे का? खंड, पान आणि मिती कळवा; नुसते 'कुठेतरी वाचलंय' तक्त्यात घेता येत नाही.

दुसरे, शिपायाचा डगला मंजिष्ठाचा, विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्याचा कोचिनियलचा (किड्यापासूनच्या रंगाचा), लालभडक. छपाईत दोन्ही एकसारखे उमटतात. हा फरक टिकवण्यासाठी शाईचे प्रमाण कोणी सांगेल का?