मदत हवी आहे: आईच्या विसरण्यावर ब्राह्मी-जिंकोच्या कॅप्सूल द्याव्यात का?

माहेर_वेळणेश्वर: आई गावी एकटी असते. हल्ली फार विसरते, तेच तेच विचारते, परवा गॅस चालूच राहिला. भाऊ उद्या मुंबईहून निघतोय. ब्राह्मी आणि जिंको बिलोबा (एका झाडाच्या पानांचा अर्क) एकत्र असलेल्या कॅप्सूल त्याच्याबरोबर पाठवायच्या आहेत. गुण येतो का, एवढंच सांगा. डॉक्टरकडे न्या म्हणू नका, ती जात नाही.

खाडीकाठ: वय? कधीपासून? ऐकू नीट येतं का? दुसरी औषधं?

मालवणचो_झील: आमची आजी नव्वदीतसुद्धा सगळ्यांची नावां घडाघडा सांगी. रोज ब्राह्मीची पानां चावून खायी. कॅप्सुली कित्याक व्हये?

दापोली_बाग: माझ्या मुलाला दहावीत शंखपुष्पीचं सिरप दिलं होतं. पाठांतर खूप सुधारलं. जरूर द्या.

औषधदुकान_चिपळूण: दापोली, इथे दहावीचा प्रश्न नाही. आणि शंखपुष्पी सरसकट सुचवू नका, फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर तिचा असर कमी होतो. ताई, औषधांची नावं द्या.

माहेर_वेळणेश्वर: नेहमीचीच, शुगरची आणि हार्टची. वय ७२. ऐकू येतं. मला हो की नाही हवंय, उद्या दुपारी गाडी आहे.

औषधदुकान_चिपळूण: नेहमीची म्हणजे कोणती? शेजारच्यांना पाकिटांचा फोटो पाठवायला सांगा.

माहेर_वेळणेश्वर: मेटफॉर्मिन, बरीच वर्षं. स्टेंट टाकल्यापासून क्लोपिडोग्रेल.

औषधदुकान_चिपळूण: मग जिंको अजिबात नको. क्लोपिडोग्रेल रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही, त्याच्याबरोबर जिंको घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शिवाय अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ जणांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको किंवा नुसती साखरेची गोळी देऊन काही वर्षं पाहिलं. २००८ साली निष्कर्ष आला: जिंकोने स्मृतिभ्रंश टळत नाही. ब्राह्मीवर छोटे अभ्यास झालेत, साधारण १२ आठवड्यांचे. काहींत आठवण थोडी सुधारलेली दिसली, पण ती बहुतेक निरोगी माणसं होती. पोटात मुरडा, जुलाब होऊ शकतात.
तुमच्या आईच्या बाबतीत मला दुसरीच शंका येते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्याने विसरायला होतं. वेळेत कळलं तर भरून निघतं. थायरॉईड कमी पडलं तरी असंच विसरायला होतं. कॅप्सूलच्या नादात हे महिनोन्‌महिने मागे पडतं, दुकानात मी हे पाहतो म्हणून कळकळीने सांगतोय.

मालवणचो_झील: मगे ब्राह्मी खोटी? आमच्या विहिरीकडे रान भरून आसा.

औषधदुकान_चिपळूण: खोटी नाही हो. पण पाटाकडेला असते ती गोल पानांची बहुतेक मंडूकपर्णी, कारिवणा. मी म्हणतोय ते अभ्यास नीरब्राह्मीचे, बारीक जाडसर पानांची, पांढरट फुलं येतात ती. झाडं वेगळी.

दापोली_बाग: नीरब्राह्मीचं रोप कुठल्या नर्सरीत मिळेल? आमच्याकडे पोफळीखाली ओल असते.

खाडीकाठ: रोपाचा वेगळा धागा काढा ना. ताई, विसरणं एकाएकी वाढलं का? बोलताना अडखळते, तोल जातो? तसं असेल तर थांबूच नका, तडक दवाखान्यात.

माहेर_वेळणेश्वर: तसं नाही, दिवाळीपासून हळूहळू. भावाला कॅप्सूल घेऊ नको म्हणून कळवलं. डॉक्टरकडे जात नाही, पण रक्त देईल. बी१२ आणि थायरॉईड एकदमच होतात का? घरी येऊन घेणारं कोणी?

औषधदुकान_चिपळूण: एकदाच रक्त देऊन दोन्ही होतात. रिपोर्ट मात्र तिच्या हार्टच्या डॉक्टरना दाखवा, भाऊ दाखवेल. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका.

खाडीकाठ: शृंगारतळीच्या लॅबला फोन करून पाहा. आणि गॅसचा कॉक रात्री बंद करायला शेजारच्या वहिनींना आजच सांगून ठेवा.