ज्याच्यावर जीव नाही, त्याच्यासाठी प्रार्थना होते का?

ओली_भिंत (वर्तकनगर, ठाणे)
जय ख्रिस्त. वाद होणार हे माहीत आहे, तरी लिहिते.

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी प्रार्थनेसाठी नावं येतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा व्हिसा, कुणाच्या मेहुण्याची नोकरी. मिनिटभरात खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, त्यात माझेही हात असतात. परवा दुपारी भाजी निवडताना मनात आलं, सकाळी आपण हात जोडले ते कुणासाठी? आठवेना.

तेव्हापासून मला वाटतंय की प्रेम नसेल तर मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली, प्रार्थना ही नुसती हजेरी. बायबलात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की सगळं धन वाटून टाकलं, शरीरसुद्धा जाळायला दिलं, पण प्रीती नसली तर काही लाभ नाही. मग प्रार्थनेलाच सूट कशी मिळेल? इस्राएल लोकांचा पुढारी मोशे बघा. लोकांनी सोन्याचं वासरू करून ठेवलंय आणि हा देवाला सांगतो, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोड (निर्गम ३२). आपण दुसऱ्यासाठी नाव सोडा, रविवारची दुपारची झोप तरी सोडतो का?

आता माझंच सांगते. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या बाथरूममधून आमच्या बेडरूममध्ये दोन पावसाळे लीकेज आहे. भांडणं झाली, सोसायटीत अर्ज झाले. मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायचे, "प्रभू, त्यांना सुबुद्धी दे." आता कळतं, सोसायटीला दिलेल्या अर्जाचीच ती एक प्रत होती, वरच्या ऑफिसला पाठवलेली.

चरईचा_जुना
ताई, जय ख्रिस्त. अर्जाची उपमा आवडली, मत पटलं नाही.

मत्तय ५:४४ मध्ये वैऱ्यांवर प्रीती करा आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, अशा दोन्ही आज्ञा एका दमात दिल्यात. आधी प्रेम दाटून येऊ दे, मग गुडघे टेक, असं कुठे म्हटलंय? बायबलातला ईयोब सगळं गमावून राखेत बसलेला असताना मित्रांनी त्यालाच दोषी ठरवलं, आणि शेवटी देवाने त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली ती त्यालाच (४२वा अध्याय). तुला काय वाटतंय, हे विचारलं नाही.

माझ्या वडिलांची एक वही होती. तिच्यातली नावं रात्री वाचायचे. त्यात धाकट्या काकाचं नाव होतं, ज्याने जमिनीच्या कागदावर वडिलांना फसवलं होतं. ते नाव घेताना आवाज अगदी कोरडा, तलाठ्याने सातबारा वाचावा तसा. अकरा वर्षं हे मी ऐकलं. काका गेला तेव्हा मयतीत सगळ्यात जास्त रडले ते वडील. प्रेम आधीपासून होतं की त्या कोरड्या वाचनातून आलं, मला अजून सांगता येत नाही. पण वही बंद ठेवली असती तर आलं नसतं, एवढं नक्की.

आणि जाता जाता, १३२१ मध्ये याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (कॅथलिक) संन्यासी श्रद्धेपायी जिवानिशी गेले. त्या गावात बसून आपण बाथरूमच्या गळतीला छळ म्हणतोय.

डेटा_दाखवा (घोडबंदर रोड)
प्रेमाने करा की कोरडी करा, फरक पडतो का ते बघू. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहा हॉस्पिटलांमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. बायपासचे १,८०२ रुग्ण होते. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नसलेल्यांपैकी, जिथे प्रार्थना झाली त्या गटात ५२ टक्के जणांना गुंतागुंत झाली आणि जिथे झाली नाही तिथे ५१ टक्के. ज्यांना "तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार" असं सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के! आता तुम्ही म्हणाल, त्यात प्रेम नव्हतं. मोजता येत नाही अशी गोष्ट मध्ये आणली की हरायची भीतीच नाही.

ओली_भिंत
प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर, एवढंच दिलं होतं ना? म्हणजे आमचा ग्रुपच झाला तो. पण मी गुण येतो की नाही याबद्दल लिहिलंच नाहीये.

डेटा_दाखवा
"ऑपरेशन यशस्वी, प्रभूची स्तुती" असं त्याच ग्रुपवर येतं तेव्हा गुणाचा हिशेब चालतो. उलटं झालं की विषय बदलतो.

ओली_भिंत
हे खरं आहे. उत्तर नाही माझ्याकडे.

कोपरीवाली
मी ख्रिस्ती नाही, तरी बोलते. आई हॉस्पिटलमध्ये होती. शेजारच्या खाटेकडे आलेल्या एक बाई न विचारता आईच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने सुरू झाल्या, "हिचे डोळे उघड." आईचे डोळे उघडेच होते, बिचारी टक लावून बघत होती त्यांच्याकडे.

त्या बाईंच्या मनात प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. रडत होत्या खऱ्याच. म्हणून तर मला तुमचा "प्रेम असलं की झालं" हा सूर पटत नाही. प्रेमात समोरच्याला विचारणं येतं की नाही?

त्याच वॉर्डात रात्रपाळीला केरळची एक सिस्टर होती. आईचं सलाईन बघायची, उशी सारखी करायची आणि जाताना स्वतःच्या कपाळाला हात लावून क्रूस करायची. कुणासाठी ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आई अजून तिची आठवण काढते.

चरईचा_जुना
त्या बाईंचं चुकलंच, आमच्यातल्या पुष्कळांचं चुकतं. "खोलीत जा आणि दार लाव" हेही मत्तयातच आहे, पुढच्याच अध्यायात. पण मनातल्या मनात तुमच्या आईंचं नाव घ्यायलासुद्धा परवानगी लागेल का?

कोपरीवाली
दार लावून घ्या खुशाल. कडी मात्र आतून लावा.

ओली_भिंत
चरईकर, तुमच्या वडिलांच्या वहीने माझी पंचाईत केलीय. कोरडं तर कोरडं, पण काका रोज एका नावाने तरी त्या वहीत होता. मी दोन वर्षं देवाला "५०२ वाले" सांगत होते. दारावर नुसतं आडनाव आहे. आज मेंटेनन्सच्या यादीत बघून नाव शोधलं.

लीकेज चालू आहे. काकांनी प्लंबर सांगितलाय, तो शनिवारी येतो म्हणाला.

डेटा_दाखवा
कुठल्या शनिवारी, ते विचारलंत का?