रिपेअर, रीइन्स्टॉल, रिस्टोअर: 'परत' या शब्दाने होणारा घोटाळा

विंडोज चालू होत नसेल तर इन्स्टॉलेशनच्या सीडीवरून ती 'रिपेअर' करता येते. त्याच्या पायऱ्या घरातल्या मोठ्यांसाठी मराठीत लिहून काढतोय. रिपेअरला 'दुरुस्ती' लिहिलं, रीइन्स्टॉलला 'पुनर्स्थापना'. पण पुढे सिस्टिम रिस्टोअर आलं आणि त्यालाही 'पुनर्स्थापना'च सुचू लागलं. दोन्हीकडे एकच शब्द चालेल का? की सरळ 'विंडोज परत टाकणे' लिहू? सगळे तसंच बोलतात.

प्रतिसाद

दोन्हीकडे एक शब्द अजिबात नको. आणि 'परत टाकणे' तर कृपा करून लिहूच नका. त्याची किंमत मी मोजली आहे.

माझ्याकडे विंडोज एक्सपी होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी संगणक काळ्या पडद्यावर थांबला, विंडोज सुरू करणारी 'एनटीएलडीआर' ही फाइल सापडत नाही एवढंच म्हणत. दुरुस्तीला नेला आणि सांगितलं, "विंडोज परत टाकून द्या." मला म्हणायचं होतं, होती तशी माघारी आणा. त्यांनी ऐकलं, पुन्हा नव्याने टाका. सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला. माय डॉक्युमेंट्समधलं अर्धं झालेलं भाषांतर आणि दोन वर्षांचे फोटो गेले. बिघाड मात्र एका फाइलचा होता. सीडीच्या आय३८६ फोल्डरमधून ती सी ड्राइव्हवर कॉपी केली असती, तरी बहुतेक काम झालं असतं.

'परत' म्हणजे माघारी आणि 'परत' म्हणजे पुन्हा. 'पुस्तक परत दिलं' यात पहिला अर्थ, 'पुस्तक परत वाचलं' यात दुसरा. एरवी क्रियापदावरून अर्थ कळतो, पण 'टाकणे' इथे मदतीला येत नाही, कारण आत घालणं आणि फेकून देणं ही दोन्ही कामं तेच करतं. शिवाय बोलण्यात 'विंडोज टाकली', 'विंडोज मारली', 'फॉरमॅट मारला' हे जवळजवळ एकाच अर्थाने येतं: आधीचं पुसून नवं. त्यात दुरुस्तीला जागाच उरत नाही. म्हणून लिहिताना 'पुन्हा' आणि 'पूर्ववत' वेगळे ठेवा. रीइन्स्टॉल म्हणजे 'पुन्हा बसवणे' किंवा 'नव्याने बसवणे'. 'बसवणे' हा शब्द नळ, पंखा, खिडकी सगळ्याला चालतो, मग विंडोजला का नाही? 'प्रतिष्ठापना' मूर्तीकडेच राहू द्या.

रिस्टोअरला माझा कौल 'मागच्या स्थितीला नेणे'. 'परत मिळवणे' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की चुकून पुसलेले फोटो परत मिळतील. सिस्टिम रिस्टोअर ते करत नाही. ते सिस्टिमच्या फाइली, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) आणि बसवलेले प्रोग्रॅम आधी नोंदवलेल्या तारखेच्या स्थितीला नेतं. तुमच्या कागदपत्रांना ते हात लावत नाही, म्हणजे गेलेली कागदपत्रं आणूनही देत नाही.

राहिली 'दुरुस्ती'. शब्द चांगला आहे, फक्त कशाची ते दर वेळी सांगा. एक्सपीची सीडी घ्या. पहिल्या पडद्यावर 'आर' दाबलं की रिकव्हरी कन्सोल उघडतो. तिथे 'फिक्सबूट', 'फिक्सएमबीआर' असे हुकूम स्वतः टाइप करावे लागतात. त्याऐवजी एन्टर दाबून पुढे गेलात, एफ८ने करार मान्य केलात, की सीडी आधीची विंडोज शोधते आणि पुन्हा 'आर' विचारते. हा दुसरा 'आर' सिस्टिमच्या फाइली नव्याने लिहितो, पण प्रोग्रॅम आणि कागदपत्रं ठेवतो. अक्षर एक, कामं दोन, आणि मराठीत दोन्हीला नुसतं 'दुरुस्ती' लिहिलं तर वाचणारा पहिल्याच पडद्यावर 'आर' दाबून हुकमांच्या ओळीपुढे बसून राहील. पहिल्याला 'सुरू होण्यातल्या बिघाडाची दुरुस्ती' म्हणा, दुसऱ्याला 'सिस्टिमच्या फाइलींची दुरुस्ती'. लांब आहेत, पण चुकणार नाहीत.

विंडोज ७च्या डिस्कवर हे बरंच सोपं आहे. मधोमध 'इन्स्टॉल नाऊ'चं मोठं बटण, खाली डावीकडे बारीक अक्षरांत 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'. तुमच्या घरच्यांना त्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवून सांगा.

मूळ प्रश्नकर्ता

हे फार उपयोगी पडलं. पहिल्या दुरुस्तीला 'डागडुजी' म्हटलं तर? आणि डिस्कला 'तबकडी' लिहू का?

प्रतिसाद

'डागडुजी'त तात्पुरतेपणा आहे. भिंतीला पडलेली भेग बुजवली, पावसाळा निघाला, असा. बूट सेक्टर, म्हणजे संगणक सुरू होताना वाचला जाणारा डिस्कचा भाग, नीट लिहिला गेला की काम पक्कं होतं, पुन्हा गळत नाही. म्हणून तिथे 'दुरुस्ती'च बरी.

'तबकडी' मला कानाला आवडते, ग्रामोफोनची आठवण येते. पण पायऱ्या वाचताना हातात जी वस्तू आहे तिचं नाव लगेच ओळखू यायला हवं, आणि घरात तिला सगळे सीडी म्हणतात. 'सीडी'च लिहा. ऑपरेटिंग सिस्टिमला 'कार्यप्रणाली' मात्र नको, तो शब्द काम करण्याच्या पद्धतीसाठी आधीच रुळला आहे.

मूळ प्रश्नकर्ता

मग दुसऱ्या पडद्यासाठी असं लिहितोय: "इथे 'आर' दाबा. सिस्टिमच्या फाइली दुरुस्त होतील, तुमचे फोटो आणि कागद जागेवर राहतील. 'एस्केप' दाबू नका. त्याने विंडोज नव्याने बसवायची तयारी सुरू होते."

प्रतिसाद

अगदी बरोबर. फक्त 'एस्केप'चं वाक्य 'आर'च्या आधी घ्या. वाचणाऱ्याचं बोट तोवर कळफलकावर गेलेलं असतं.